एकाआड एक महिना

प्रिय भिंगरी,

हे पत्र पोस्टाने आलेलं नाही. ते आणणारी बाई तुझ्या समोर बसली आहे, आणि तू नीट वाचतेस की नुसती नजर फिरवतेस यावर तिचं बारीक लक्ष आहे. तिला आधी पाणी दे, चहा नंतर. बसमध्ये तिचं डोकं उठतं आणि डोकं उठलं की ती माझ्यावर चिडते, मी शेजारी असो वा नसो. आत्ता मी लिहायला बसलोय तर ती आतल्या खोलीत पिशवी भरतेय आणि दर दोन मिनिटांनी विचारतेय, झालं का? चार ओळी लिहा म्हणाली होती. तुला माहीतच आहे, मला चार ओळींत गळतीची तक्रारसुद्धा लिहिता येत नाही. बसला अजून अडीच तास आहेत. खालच्या आळीचं पाणी सोडून, बंद करून, हातपाय धुऊन बसलोय. तेव्हा आज मला कोणी घाई करू नये.

फोन का नाही केला, असं म्हणशील. अगं, तुमच्याकडे फोन म्हणजे तुझ्या सासूबाईंचा. तो गच्चीवर नेल्याशिवाय आवाज येत नाही, आणि आला की सगळ्या गल्लीला येतो. मागे मी तुला नुसतं बरी आहेस ना विचारलं, तर शेजारच्या गच्चीवरून कोणीतरी हो म्हणालं. मला जे सांगायचंय ते गच्चीवरून सांगण्यासारखं नाही. खरं तर बापाने लेकीला सांगण्यासारखंच नाही. तुझ्या आईला म्हटलं, तूच सांग बाई. तर म्हणाली, घोळ तुम्ही घातलात, निस्तरा तुम्ही. म्हणून ही वही फाडली. मधेमधे माझी जीभ अडखळली तर समजून घे. सव्वीस वर्षं मी पाइप, वॉशर आणि व्हॉल्व्ह यांच्याबद्दल बोलत आलोय, बायकांच्या पोटाबद्दल नाही.

तर मुद्दा. मागच्या खेपेला आलीस तेव्हा पंपघराच्या पायरीवर बसून तू मला म्हणालीस की बाबा, एक बाजू गेली, दुसरीचा काय भरवसा, माझं आता काही होईल असं वाटत नाही, तुम्ही दोघं नातवंडाची वाट बघणं सोडा. आणि मी, गावाला पाणी पाजणारा शहाणा, तुला म्हणालो की अगं, निम्मं तरी हातात आहे ना! एक महिना आपला, एक महिना गेलेला, असं धरून चालायचं. तू मान डोलावलीस. ते बोलणं मला परत घ्यायचंय. ते साफ चुकीचं होतं. कसं चुकीचं ते सांगतो, पण मुळापासून सुरुवात केल्याशिवाय मला काही सांगता येत नाही, हा माझा जुना आजार आहे.

मागच्या वर्षी तू आठ दिवस राहायला आली होतीस. माझा डबा घेऊन पंपघरात आलीस, पायरीवर टेकलीस आणि म्हणालीस, खांदा दुखतोय. पोटही दोन दिवस दुखत होतं, पण ते तू आईला सांगितलं होतंस, माझ्या वाट्याला खांदा आला. आणि मग काय, सगळी दुनिया तुझ्या खांद्याच्या मागे लागली. आईने सकाळीच बाम चोळला होता. शेजारच्या काकूने उशी बदलायला सांगितली होती. मी म्हटलं, वाकडी झोपली असशील. औषधाच्या दुकानवाल्याने गॅसची गोळी दिली, कारण तो सगळ्यांना तीच देतो, मागे माझ्या गुडघ्यालाही त्याने तीच दिली होती. तू पायरीवरून उठलीस, परत बसलीस, तुझे ओठ पांढरे पडले, तेव्हा कुठे माझं डोकं ठिकाणावर आलं. पाइप वाहायच्या हातगाडीवर तुला निजवलं आणि आरोग्य केंद्राकडे पळत सुटलो. पन्नाशी उलटल्यावर माणूस एवढं पळू शकतो हे मला त्या दिवशी कळलं.

आपली उंच सिस्टर तेव्हा नवीनच बदलून आली होती. तिने तुझ्या खांद्याकडे बघितलंसुद्धा नाही. पापणी खाली ओढून बघितली, नाडी धरली, शेवटची पाळी कधी आली होती असं तुला विचारलं आणि मला दाराबाहेर काढलं. दोन मिनिटांनी स्वतःच बाहेर आली आणि म्हणाली, गाडी आणा, आत्ता. गर्भ पिशवीत रुजायचा तो वाटेत नळीतच रुजला होता, वाढल्यावर नळी फुटली होती, रक्त आतल्या आत साठत होतं, आणि आत साठलेलं रक्त कधीकधी खांद्यातून दुखतं, हे तिने मला नंतर, आमच्याबरोबर गाडीत बसल्यावर समजावलं. अॅम्ब्युलन्स दुसऱ्या टोकाच्या गावाला गेलेली. दूधवाला केंद्रासमोरून चालला होता, त्याला अडवलं. त्याने एक शब्द न विचारता भरलेले कॅन रस्त्याच्या कडेला उतरवून ठेवले आणि गाडीचं मागचं फळकुट पाडलं. एरवी त्याला एक प्रश्न विचारला की पाव तास ऐकावं लागतं. त्या दिवशी दोन तासांच्या रस्त्यात तो फक्त हॉर्न वाजवत होता.

हॉस्पिटलात काय झालं ते तुला माहीत नाही, कारण तू आत होतीस. आम्ही बाहेर काय तमाशे केले ते आज सांगून टाकतो. रक्त हवं होतं. मी बाही वर करून पहिला. तर रक्त घेणारा म्हणाला, तुमचं जुळत नाही. मी त्याच्याशी भांडलो. म्हटलं, माझी सख्खी मुलगी आहे, न जुळायला काय झालं? तो बिचारा आईकडूनही गट येतो वगैरे समजावत होता आणि मी ऐकूनच घेत नव्हतो. शेवटी जावईबापू आले. कापडाची कात्री खिशात तशीच, गळ्यात माप घ्यायची टेप. त्यांचं जुळलं. इतका राग आला होता मला त्यांचा, म्हणजे त्या क्षणी, की काय सांगू. लग्नाला दोन वर्षं झालेला माणूस आणि त्याचं जुळतं म्हणजे काय! मग ते टेपसकट त्या पलंगावर आडवे झाले आणि घाबरून डोळे मिटून घेतले, तेव्हा माझा राग गेला आणि मी त्यांचा हात धरून बसलो.

आणि एक गोष्ट. मी पाण्याची वेळ कधी चुकवत नाही, हे तू शाळेत सगळ्यांना सांगत सुटायचीस. त्या दिवशी चुकवली. वरच्या आळीचा व्हॉल्व्ह उघडा राहिला तो राहिलाच. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी परत आलो तर टाकी कोरडी ठणठणीत, खालची आळी पाण्याविना. म्हटलं, आता खाऊन टाकणार मला गाव. निवृत्त मास्तर पाच मिनिटं उशीर झाला तर घड्याळ घेऊन दारात येतात. तर मास्तर खरंच दारात आले, पण हातात दोन घागरी. विहिरीवरून भरून आणलेल्या. म्हणाले, पोरीची तब्येत कशी आहे. त्यांनी घड्याळाकडे बघितलं नाही आणि मला रडू आवरलं नाही. हे मी तुझ्या आईलाही सांगितलेलं नव्हतं, आता ती मागून वाचत असेल तर वाचू दे.

आता घोळाकडे येतो. ऑपरेशन झाल्यावर डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. दारात आणखी तीन जणी स्ट्रेचरवर वाट बघत होत्या, त्यामुळे त्यांनी सगळं दोन मिनिटांत सांगितलं. उजवी नळी काढावी लागली, डावी चांगली आहे, तीन महिने थांबा, पुढच्या वेळी लवकर दाखवायला या. तेवढंच. जावईबापूंनी माझ्याकडे बघितलं. त्यांना काही कळलं नव्हतं आणि मला, माझ्या मते, सगळं कळलं होतं. दोन नळ्या, त्यातली एक बंद! अरे, हा तर माझा रोजचा धंदा. मी त्यांना घेऊन व्हरांड्यात उकिडवा बसलो आणि फरशीवर ओल्या बोटाने टाकी काढली, तिच्यातून दोन लाइनी काढल्या. म्हटलं, बापू, घाबरू नका. गाडीत सिस्टर म्हणाली होती की बीज कधी डावीकडून येतं, कधी उजवीकडून. म्हणजे आपल्यासारखंच, आज वरची आळी, उद्या खालची आळी. एक महिना डावी, एक महिना उजवी. उजवी बंद झाली, तेव्हा तो महिना कोरडा. डावीचा महिना आपला. एकाआड एक महिना आपल्या हातात आहेच की. सिस्टर फक्त कधी डावी, कधी उजवी म्हणाली होती. एकाआड एक हे माझ्या पदरचं. मला तेव्हा इतकं हुशार वाटलं ना स्वतःला, की ती फरशी पुसून टाकायला आलेल्या बाईला मी थोडं थांबायला सांगितलं.

जावईबापू गुणी माणूस. मापात एक दोरा इकडचा तिकडे होऊ देत नाहीत. त्यांनी माझं ऐकलं आणि दुकानाच्या दारामागच्या कॅलेंडरवर तीन महिने सोडून पुढच्या प्रत्येक महिन्यावर कापडावरच्या खडूने खूण केली. एका महिन्यावर गोल, एका महिन्यावर फुली. मी तुमच्याकडे आलो होतो तेव्हा त्यांनी दार लोटून मला ते दाखवलं, आणि मी काय केलं असेल? शाबासकी दिली. पाठ थोपटली गं त्यांची! सुरुवात गोलाने का केली म्हणून विचारलं, तर म्हणाले, शुभ वाटलं. म्हणजे डावी-उजवी ठरवायलाही आमच्याकडे काही आधार नव्हता. दोन बाप्ये, एक शिंपी आणि एक पाणीवाला, मिळून एका बाईच्या पोटाचं वेळापत्रक ठरवतात आणि त्या बाईला कोणी विचारतही नाही. हे आज लिहिताना माझे कान तापलेत.

गोलाच्या महिन्यांत तुझं काय व्हायचं ते आईकडून मला थोडंथोडं कळत होतं. पहिल्या दिवसापासून तू मोजायला लागायचीस. जड उचलायचं नाही, डाव्या कुशीवर झोपायचं, जावईबापूंनी बाहेरगावची कामं घ्यायची नाहीत. महिन्याच्या शेवटी पाळी आली की दोन दिवस तू कोणाशी बोलायची नाहीस, आणि ते दुकानात बसून चुकीच्या बाजूने काजं करायचे. फुलीच्या महिन्यात मात्र तू पुन्हा आमची भिंगरी. सासूबाईंबरोबर बाजार, नणंदेबरोबर खिदळणं, नवऱ्याबरोबर संध्याकाळी तळ्यापर्यंत चक्कर. एकदा जावईबापू मला म्हणाले होते की बाबा, फुलीचा महिना आला की घरात बरं वाटतं. मी हसलो होतो. तेव्हाच माझ्या डोक्यात काहीतरी वाजायला हवं होतं, पण नाही वाजलं.

काल वाजलं. काल बुधवार, डॉक्टरीणबाईंचा आपल्या आरोग्य केंद्रात यायचा दिवस. महिन्यातून एकदाच येतात, सकाळपासून बायकांची रांग व्हरांड्याबाहेर जाते. त्यांच्या खोलीतल्या बेसिनखाली पाणी गळत होतं म्हणून उंच सिस्टरने मला बोलावलं. रांग संपली होती, बाई हात धुवायच्या खोळंबल्या होत्या, आणि मी बेसिनखाली आडवा. पाय बाहेर, तोंड भिंतीकडे. मला एकदम वाटलं, विचारायचं असेल तर हीच वेळ. समोरासमोर मला या जन्मात विचारता आलं नसतं. बेसिनखालून मी विचारलं की बाई, माझ्या मुलीची तुम्ही उजवी नळी काढली होती, आता या महिन्यात तिची डावी चालू आहे की बंद, हे कळायला काही मार्ग आहे का? मग स्टूल सरकवल्याचा आवाज आला. त्या माझ्या पायांशी येऊन बसल्या आणि म्हणाल्या, काका, हे तुम्हाला कोणी सांगितलं?

मी म्हटलं, मीच सांगितलं. मग सगळं सांगितलं, टाकी, दोन लाइनी, खडू, गोल, फुली. त्या हसल्या असतील असं तुला वाटेल. नाही हसल्या. सिस्टर हसली, ती दाराआड जाऊन हसली. बाईंनी मला समजावून सांगितलं ते मी तुला जसंच्या तसं लिहितो, कारण ते तुझं आहे. बीजाचं काही वेळापत्रक नसतं. तीन महिने एकाच बाजूने येईल, मग दोनदा दुसऱ्या बाजूने येईल, त्याची मर्जी. आणि खरी गंमत पुढे. नळी ही पाइपसारखी एका जागी ठोकलेली नसते. तिचं टोक मोकळं असतं, बोटांसारखं. बीज उजवीकडून आलं तरी कधीकधी डावी नळी वाकून ते उचलते. मी ताडकन उठलो आणि डोकं बेसिनला आपटलं. अगं, सव्वीस वर्षांत माझा एकही पाइप वाकून शेजारच्या टाकीतलं पाणी प्यालेला नाही! मी त्यांना दोनदा विचारलं. त्या दोनदा हो म्हणाल्या. बंद महिना असं काही नसतंच, काका, म्हणाल्या.

मग मी बाहेर येऊन जमिनीवर नीट मांडी घालून बसलो आणि त्या बोलत राहिल्या. दुसरी नळी चांगली असेल तर अशा दहाजणींतल्या सहा-सात जणींना दोनेक वर्षांत आपोआप दिवस राहतात. डाव्या कुशीवर झोपण्याचा, जड उचलण्याचा यात काही संबंध नाही. तिकडे शहरात मोठमोठी मशीनं आहेत आणि आपल्याकडे नाहीत म्हणून आपलं होणारच नाही, असंही नाही. ज्यांचं होतं त्यांतल्या बहुतेकींचं घरीच होतं. आपल्याला मशीन लागतं ते एकाच कामाला. पुन्हा पाळी चुकली की सहाव्या-सातव्या आठवड्यात सोनोग्राफी करून गर्भ कुठे रुजलाय ते बघून घ्यायचं. कारण दहातल्या एखादीचा पुन्हा नळीत राहू शकतो, आणि लवकर कळलं तर नळी फुटायची वाट बघावी लागत नाही. त्यासाठीच लवकर या म्हणाले होते, असं त्या म्हणाल्या. दोन मिनिटांत सांगितलं होतं, नीट पोचलं नसेल, असंही म्हणाल्या. एवढी शिकलेली बाई आपलीही चूक मान्य करते म्हटल्यावर मला माझी अजूनच मोठी वाटली. गळती बंद केली, दोन वॉशर जास्तीचे टाकले.

घरी येताना मात्र मी खुशीत होतो, खोटं कशाला सांगू. रस्त्यात दोघातिघांना उगाच हाका मारल्या. मास्तरांना विचारलं, पाणी पुरेसं येतंय ना? ते माझ्याकडे संशयाने बघायला लागले. निम्मं नाही, सगळंच हातात आहे, हे मला तुझ्या आईला सांगायचं होतं. ती भाजी चिरत होती. मी तिच्यासमोर बसून सगळं सांगितलं, बेसिनसकट, टेंगळासकट. ती टेंगूळ ऐकून हसली. वाकणारी नळी ऐकून चक्रावली. आणि बंद महिना असं काही नसतंच, इथवर मी आलो, तेव्हा तिने विळीवरचा हात काढून घेतला आणि माझ्याकडे बघतच राहिली.

भिंगरी, आता रागावू नकोस, तिने तुझी शपथ मोडली. रविवारी गच्चीवरून तू तिला हळूच काय सांगितलंस ते तिने मला सांगितलं. पाळीला पंधरा दिवस उशीर झालाय, सकाळी मळमळतं, पण हा फुलीचा महिना होता, तेव्हा काही नसणार, अशक्तपणा असेल, बाबांना सांगू नकोस, इथेही कोणाला सांगितलेलं नाही, यांनाही नाही. बाबांच्याच हिशोबाने तो बंद महिना, मग बाबांना कशाला सांगायचं! तसाच पळालो गं मी. बाईंची जीप सुरू झाली होती, मी पान्हा हातात घेऊन तिच्यासमोर उभा राहिलो, ड्रायव्हरला वाटलं माझं डोकं फिरलं. बाईंनी जीपमध्येच चिठ्ठी लिहून दिली, ती या पाकिटात आहे. उद्या शुक्रवार, त्या स्वतः सोनोग्राफीला असतात, पहिला नंबर तुझा लावते म्हणाल्या. सकाळी सातच्या बसने तू, आई आणि जावईबापू, तिघं निघा. मध्ये पोटात कळ आली, चक्कर आली, रक्त दिसलं, तर सकाळची वाट बघायची नाही, मिळेल त्या गाडीने निघायचं. तुला भीती वाटतेय हे मला कळतं. त्या फुलीमागे तू लपून बसलीस, कारण तिथे बरं वाटत होतं, आणि ती लपायची जागा मीच तुला करून दिली. आता तिथून बाहेर ये. गर्भ जागच्या जागी असेल तर तुझी आई तिथेच काय गोंधळ घालेल ते बघायला मी नसेन याचं मला वाईट वाटेल. नसेल तर वेळेत कळेल, पोट न फाडता औषधावरही भागू शकतं म्हणाल्या बाई, आणि मग पुन्हा बघू, सावकाश. मला आजोबा व्हायचंय, फार व्हायचंय, ते काही लपवत नाही. पण नातवंड नसलं तर मी नुसता कुरकुऱ्या म्हातारा होईन, एवढंच. तू नसलीस तर मी म्हातारासुद्धा होणार नाही, पोरी. आता हे पत्र आईच्या हातात दे, आणि पुढच्या खोलीतल्या दुकानात जाऊन नवऱ्याला स्वतःच्या तोंडाने सांग.

तुझाच, आणि या खेपेला कुठलंही गणित न मांडणारा,
बाबा